ऑफिसची की हरवली? आधी कोणतं ऑफिस आहे ते बघा

मशीन अजून चालू होत असेल तर फॉरमॅट मारायचं तूर्त लांबणीवर टाका. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या हरवलेल्या कीचा, म्हणजे ते चालू करायला लागणाऱ्या पंचवीस अक्षरांच्या कोडचा, माग काढायला जी माहिती लागते, त्यातली बरीचशी त्याच मशीनमध्ये पडलेली असते. डिस्क पुसली की ती गेली, आणि मग हातात उरतं ते फक्त कपाट आणि मेल धुंडाळणं.

मी एका ऑफिसातली मशीन्स सांभाळते. प्रिंटर रुसला, बॅकअप अडकला, वर्ड उघडल्यावर वर लाल पट्टी आली, की फोन माझ्याकडे. ‘मॅडम, ऑफिसची की सापडत नाहीये’ हा फोन तर नव्या मशीनचा खोका आला की हमखास येतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं ऑफिस? उत्तर येतं, ‘अहो, ते वर्ड-एक्सेलवालं.’ इथेच सगळी गोची आहे. २००७चं ऑफिस आणि २०२१चं ऑफिस, दोन्हींत शोधायची पद्धत पूर्ण वेगळी. नव्या ऑफिसांच्या बाबतीत तर की शोधण्यात बहुतेक वेळा काही हशीलच नसतं. शोधायचं असतं ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट, म्हणजे कोणत्या मेल आयडीवर ते ऑफिस घेतलं होतं ते. लोक कपाटं रिकामी करत बसतात आणि त्यांना खरं तर हवा असतो एक विसरलेला मेल आयडी.

पुढे जिथे कमांड येतील तिथे मी त्या फोनवर सांगते तशा अक्षर-अक्षर सांगितल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी ओळख पटवा

वर्ड उघडा, डावीकडे वर फाइल आणि मग खालच्या बाजूला अकाउंट. ऑफिस २०१३पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत हे असंच आहे. उजव्या बाजूला प्रॉडक्टचं पूर्ण नाव दिसेल: मायक्रोसॉफ्ट ३६५, होम अँड स्टुडंट २०१९, होम अँड बिझनेस २०२१, प्रोफेशनल प्लस २०१६, असं काहीतरी. त्याच्या वर-खाली ‘सबस्क्रिप्शन प्रॉडक्ट’ लिहिलंय की ‘प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड’, ते बघा. आणि बऱ्याचदा तिथेच ‘बिलाँग्ज टू’ म्हणून एक ओळ असते, तिच्यापुढे मेल आयडी असतो. ती ओळ दिसली तर तुमचं काम जवळजवळ झालं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

इथे एक गोष्ट नीट बघायची. त्याच पानावर डावीकडे युजर इन्फर्मेशनखालीही एक नाव आणि मेल आयडी असतो. तो सध्या साइन-इन केलेल्या माणसाचा, ऑफिस ज्याच्या नावावर आहे त्याचा असेलच असं नाही. दोन्ही आयडी वेगळे निघाले तर ‘बिलाँग्ज टू’वाला खरा.

ऑफिस २०१० असेल तर फाइलमध्ये जाऊन हेल्प बघा. २००७मध्ये वरच्या कोपऱ्यातलं गोल बटण, मग वर्ड ऑप्शन्स, त्यात रिसोर्सेस, त्यात अबाउट. २००३मध्ये साधा हेल्प मेनू आणि त्यात अबाउट.

अबाउटच्या खिडकीत ‘प्रॉडक्ट आयडी’ नावाचा एक लांबलचक नंबर असतो. लोक तो उतरवून घेतात आणि ‘सापडली की!’ म्हणून निर्धास्त होतात. तो आयडी म्हणजे की नव्हे, आणि त्यावरून की काढताही येत नाही. की म्हणजे पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे पाच गट, मध्ये आडव्या रेघा. या साच्यात न बसणारं काहीही असेल तर ते सोडून द्या.

दुसरा घोटाळा विंडोजच्या कीचा. विंडोज ८पासून मशीन बनवणाऱ्या कंपन्या विंडोजची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये टाकून देतात, आणि एक ओळीची कमांड दिली की ती समोर येते. यूट्यूबवर ही युक्ती ‘हरवलेली की मिळवा’ म्हणून इतकी फिरते की लोक तीच की ऑफिसला देऊन बघतात आणि ऑफिस ती नाकारतं. नाकारणारच. ती विंडोजची आहे. ऑफिसची की त्या चिपमध्ये नसते.

३६५ असेल तर

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल, म्हणजे वर्षाचे किंवा महिन्याचे पैसे भरून चालणारं, तर की विसरा. कार्ड विकत घेतलं असेल तर त्यावरची की एकदाच, सबस्क्रिप्शन चालू करताना लागते. त्यानंतर तिचा उपयोग संपला. नव्या मशीनवर अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम उघडायचं, ज्या आयडीवर घेतलं त्याने साइन-इन व्हायचं आणि सर्व्हिसेसच्या पानावरून इन्स्टॉल करायचं. नोकरीच्या जागी मिळालेला आयडी असेल तर हेच सगळं ऑफिस डॉट कॉमवरून. लाल पट्टी येत असेल तर मुदत संपलेली असते किंवा भलत्याच आयडीने साइन-इन केलेलं असतं. दोन्हींवर पंचवीस अक्षरांचा काही इलाज नाही.

एकदाच पैसे भरून घेतलेलं, २०१३ ते २०२४

सगळ्यात जास्त डोकेफोड इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

होम अँड स्टुडंट, होम अँड बिझनेस अशा नावांनी मिळणाऱ्या या आवृत्त्यांत की आयुष्यात एकदाच वापरायची असते. कार्ड खरवडलं, मायक्रोसॉफ्टच्या सेटअपच्या पानावर की टाकली, साइन-इन केलं, की ते ऑफिस त्या आयडीला कायमचं चिकटलं. पुढे मशीन बदला, फॉरमॅट मारा, परत इन्स्टॉल करायला तोच आयडी लागतो. कार्ड सापडलं आणि त्यावरची की पुन्हा टाकली तर ‘ही की आधीच वापरलेली आहे’ असं उत्तर येतं, आणि लोकांना वाटतं आपल्याला कोणी फसवलं. फसवलेलं नसतं. ती की तुम्हीच वापरली होतीत, कधीतरी, कोणत्या तरी आयडीवर.

तर तो आयडी कसा शोधायचा? जुनं मशीन चालू असेल तर ‘बिलाँग्ज टू’ बघून झालंच आहे. ते नसेल तर तुमच्याकडचे सगळे मेल आयडी एका कागदावर लिहा. जुना याहू, ऑफिसचा, मुलांच्या शाळेसाठी काढलेला, सगळे. मग एकेक करून त्यांच्या इनबॉक्समध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ शब्द शोधा. खातं उघडल्याचा, सिक्युरिटी कोडचा किंवा खरेदीचा मेल ज्या इनबॉक्समध्ये आहे तिथे थांबा. हे जमलं नाही तर साइन-इनच्या पानावर युजरनेम विसरल्याची सोय आहे: मोबाइल नंबर किंवा दुसरा मेल दिला, त्यावर आलेला कोड टाकला, की त्या नंबराशी जोडलेली खाती दिसतात. पासवर्ड विसरणं ही नंतरची आणि सोपी गोष्ट. आधी आयडी.

आयडी मिळाला की सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्सचं पान उघडा. विकत घेतलेल्या गोष्टींच्या यादीत तुमचं ऑफिस दिसेल, शेजारी इन्स्टॉलचं बटण असेल. काही खरेद्यांना तिथेच की बघायचीही सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोअरमधून घेतलं असेल तर ऑर्डर हिस्टरीही बघा.

आता खरा त्रास देणारा प्रकार. मशीन लावून द्यायला आलेला माणूस घाईत असतो. तुमचा पासवर्ड तुम्हाला आठवत नसतो, तो म्हणतो ‘राहू द्या, मी करून देतो’, आणि स्वतःच्याच आयडीवर ऑफिस चालू करून देतो. त्या दिवशी सगळे खूश. पुढे मशीन बदलायची वेळ येते तेव्हा तो माणूस कुठे असतो कोणास ठाऊक. लहान ऑफिसांत याचीच दुसरी आवृत्ती घडते: हिशेब बघणाऱ्या मुलीने स्वतःच्या आयडीवर नोंदवलं आणि वर्षभराने नोकरी बदलली. अशा वेळी तिला पासवर्ड मागू नका, तो तिच्या खासगी मेलचाही पासवर्ड असू शकतो. तिला नम्रपणे फोन करा, तिच्या आयडीने एकदा साइन-इन करून नव्या मशीनवर ऑफिस चढवून द्यायला सांगा आणि तिच्यासमोरच काम उरका. माझ्या अनुभवात लोक करून देतात. ताठरपणे मागितलं तर मात्र फोन उचलत नाहीत.

मशीनबरोबरच आलेलं ऑफिस असेल, तर हल्ली स्टिकर नसतं. पहिल्यांदा वर्ड उघडून साइन-इन केलं तेव्हाच ते तुमच्या आयडीवर गेलेलं असतं. आणि ते त्याच मशीनपुरतं असतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. सुटं विकत घेतलेलं नेता येतं. ऑफिस २०१३ बाजारात आलं तेव्हा सुटं घेतलेलंही एकाच मशीनला बांधलेलं होतं; ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१३मध्ये तो नियम बदलला.

शेवटची पाच अक्षरं

ऑफिस २०१३पासून पूर्ण की मशीनमध्ये राहतच नाही, फक्त शेवटची पाच अक्षरं राहतात. त्यामुळे ‘तुमच्या ऑफिस २०१९ची पूर्ण की काढून देतो’ असं सांगणारं कोणतंही सॉफ्टवेअर खोटं बोलतंय असं खुशाल समजा. पण ही पाच अक्षरं कामाची असतात. ती म्हणजे किल्ली नव्हे, किल्लीला लटकवलेला बिल्ला. खोका भरून किल्ल्या असतील तर या दाराची कोणती, ते बिल्ल्यावरून कळतं.

काढायची अशी. फाइल एक्सप्लोरर उघडा, सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, ऑफिस१६. तिथे नसेल तर प्रोग्राम फाइल्सच्या शेजारी एक्स८६ लिहिलेलं दुसरं फोल्डर आहे त्यात बघा; ३२ बिटचं ऑफिस तिथे असतं. २०१६, २०१९, २०२१, २०२४ आणि ३६५ या सगळ्यांचं फोल्डर ऑफिस१६च आहे. २०१३चं ऑफिस१५, २०१०चं ऑफिस१४. (१३ नाहीच. मायक्रोसॉफ्टने १२वरून थेट १४वर उडी मारली.) फोल्डरमध्ये ओएसपीपी डॉट व्हीबीएस नावाची फाइल दिसली की बरोबर जागी आहात.

आता वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये क्लिक करा, तिथलं सगळं पुसून सी, एम, डी ही तीन अक्षरं टाका आणि एंटर. काळी खिडकी उघडेल, तीही थेट त्याच फोल्डरमध्ये. लोकांना फोनवर लांब पाथ टाइप करायला लावण्यापेक्षा हे किती तरी सुखाचं आहे. त्या खिडकीत टाइप करा: सी-एस-सी-आर-आय-पी-टी, एक जागा सोडा, ओ-एस-पी-पी, टिंब, व्ही-बी-एस, एक जागा सोडा, पुढे झुकलेली रेघ आणि तिला चिकटून डी-एस-टी-ए-टी-यू-एस. एंटर.

चार-सहा ओळींचा एक गठ्ठा येतो, कधी दोन-तीन गठ्ठेही येतात. लायसन्स नेम, लायसन्स डिस्क्रिप्शन, लायसन्स स्टेटस आणि शेवटी ‘लास्ट फाइव्ह कॅरॅक्टर्स’. जास्त गठ्ठे आले तर ज्याच्या स्टेटससमोर ‘लायसन्स्ड’ लिहिलंय तो तुमचा. बाकीचे ट्रायलचे किंवा मशीनबरोबर आलेल्या न वापरलेल्या ऑफिसचे. त्यांची पाच अक्षरं उतरवून घेऊन दिवस वाया घालवू नका.

डिस्क्रिप्शनची ओळ मी कधी सोडत नाही. तिथे ‘रिटेल चॅनल’ असेल तर खोक्यातलं किंवा कार्डावरचं ऑफिस. ‘टाइमबेस्ड सब’ असेल तर सबस्क्रिप्शन. ‘व्हॉल्यूम’ असेल तर कंपनीचं, त्याबद्दल पुढे येते आहे. एका खासगी मशीनवर घरचं म्हणून घेतलेलं ऑफिस व्हॉल्यूमचं निघालं, तर समजा की कोणीतरी कंपनीची की तुम्हाला विकलीय. अशी की आज चालते आणि कंपनीने ती बंद केली की तुमचंही ऑफिस बंद.

पाच अक्षरं हाती आल्यावर दोन कामं करा. एक, ड्रॉवरमधली कार्डं, सीड्यांची कव्हरं आणि बिलांच्या फायली काढून प्रत्येक कीचा शेवटचा गट ताडून बघा. दोन, तीच पाच अक्षरं मेलच्या सर्चमध्ये टाका. ऑनलाइन घेतलेल्या कीचा मेल असेल तर बहुतेक वेळा लगेच वर येतो, कारण आडव्या रेघेमुळे शेवटचा गट सर्चला सुटा शब्द वाटतो. ‘प्रॉडक्ट की’ म्हणून शोधलं तर जाहिरातींचा ढीग येतो. ही पाच अक्षरं मात्र जगात फारशी कुठे नसतात. मोबाइलमधल्या फोटोंतही मजकूर शोधता येतो, तिथेही टाकून बघा. कार्डाचा फोटो काढून विसरलेली माणसं बरीच असतात.

जुनी ऑफिसं: २०१०, २००७, २००३

इथे मात्र की खरोखर मशीनमध्ये सापडते. रजिस्ट्रीत (म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस आणि मग आवृत्तीचा आकडा (२००३ला ११.०, २००७ला १२.०, २०१०ला १४.०) अशा वाटेने रजिस्ट्रेशनपर्यंत गेलात की ‘डिजिटल प्रॉडक्ट आयडी’ नावाची नोंद असते. ती उघडून वाचायला जाल तर नुसते आकड्यांचे थर दिसतील. की त्यात गुंडाळून ठेवलेली असते आणि उलगडायला छोटं सॉफ्टवेअर लागतं. नीरसॉफ्टचं प्रोड्यूकी हे मी वापरते. इन्स्टॉल करावं लागत नाही, उघडलं की यादी समोर. अँटिव्हायरस त्यावर भुंकतो, कारण की वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो संशय घेतोच. म्हणून ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या, ‘फ्री डाउनलोड’ची बटणं लटकवलेल्या तिसऱ्याच जागेवरून नको.

मशीन मेलं असेल पण डिस्क जिवंत असेल, तरी आशा आहे. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला जोडा आणि प्रोड्यूकीला त्या डिस्कवरचं विंडोज फोल्डर दाखवा. रजिस्ट्रीचा हा भाग सिस्टम३२मधल्या कॉन्फिग फोल्डरात फाइलीच्या रूपात असतो, प्रोड्यूकी तिथून वाचतं.

यादीत पंचवीसच्या पंचवीस बी दिसले तर ती की नव्हे. तिथली नोंद पुसलेली आहे. रिकामं शून्य उलगडलं की बी येतो, कारण कीच्या वर्णमालेत पहिलं अक्षर बी आहे.

पुसट स्टिकर वाचताना

ही वर्णमाला माहीत असणं फार उपयोगाचं आहे. कीमध्ये छत्तीसच्या छत्तीस अक्षर-आकडे नसतात. जुन्या कींमध्ये फक्त चोवीस असतात: बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९. ऑफिस २०१३पासून त्यात एनची भर पडली. बस. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत. एल, एस, झेड नाहीत. शून्य, एक आणि पाच नाहीत.

म्हणजे स्टिकरवर तुम्हाला शून्य किंवा ओ दिसत असेल तर तो क्यू आहे, शेपटी घासली गेलीय, किंवा डी आहे. एस किंवा पाच दिसत असेल तर तो आठ किंवा सहा असण्याचा संभव जास्त. एक किंवा आय वाटतोय, तर सात किंवा टीची आडवी रेघ उडालेली असते. झेड वाटला तर डोळे झाकून दोन. खरी पंचाईत उरते ती बी आणि आठ, जी आणि सहा, व्ही आणि वाय या जोड्यांची, कारण दोन्ही चालतात.

लॅपटॉपच्या पोटाखालचं स्टिकर मांडीच्या उबेने आणि टेबलावर घासून पांढरं पडतं. त्यावर ओला बोळा फिरवू नका, उरलीसुरली शाईही निघते. दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च स्टिकरच्या जवळ, जवळजवळ आडवा धरा आणि दुसऱ्याला फोटो काढायला सांगा. तिरप्या उजेडात छपाईचे खळगे उठून दिसतात. मग फोटोचं कॉन्ट्रास्ट वाढवा. त्याच स्टिकरवर चांगलं वाचता येणारं बी किंवा आठ दुसऱ्या जागी असेल तर त्याच्याशी ताडा. छपाई एकाच ठशाची असते. दोन अक्षरं संशयाची राहिली तर चार जोड्या करून बघायच्या, चुकीची की तिथल्या तिथे नाकारली जाते. पाच-सहा अक्षरं संशयाची असतील तर चिकाटी दाखवू नका, दुसरा मार्ग धरा.

आणि स्टिकर कशाचं आहे ते आधी वाचा. मशीनवर चिकटवलेलं बहुधा विंडोजचं असतं. ऑफिसच्या सीडीची की सहसा कव्हरच्या आत, मागच्या बाजूला चिकटवलेली असते. सीडी दुसऱ्याच कव्हरमध्ये गेली की की हरवलीच म्हणून समजा, म्हणून घरातली सगळी कव्हरं उघडा, गाण्यांचीही.

कंपनीची व्हॉल्यूम की

प्रोफेशनल प्लस किंवा एलटीएससी नाव असेल तर ते बहुधा कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सचं. यात दोन जाती. डिस्क्रिप्शनमध्ये ‘व्हॉल्यूम मॅक’ (एम-ए-के, अ‍ॅपलचं मॅक नव्हे) दिसलं तर एकच की अनेक मशीनना चालते आणि ती कंपनीच्या लायसन्स सांभाळणाऱ्याकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये मिळते. ‘केएमएस क्लायंट’ दिसलं तर मशीनमधली की शोधूच नका. ती मायक्रोसॉफ्टने सगळ्यांसाठी जाहीर केलेली सर्वसाधारण की असते आणि एकटी काही उघडत नाही. तिथे परवानगी कंपनीच्या सर्व्हरकडून येते आणि ती १८० दिवस टिकते. मशीन दर सात दिवसांनी ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. लॅपटॉप घरी नेला, कंपनीच्या नेटवर्कला बरेच महिने जोडलाच नाही, की एक दिवस लाल पट्टी येते. व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) जोडा किंवा मशीन ऑफिसात आणा, बाकी काही करायचं नाही.

नाहीच सापडली तर

बिल असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोला. खरेदीचा पुरावा नसेल तर ते की देत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही; नाही तर कोणीही फोन करून की मागेल. बिल बहुधा हिशेब बघणाऱ्याच्या फायलीत असतं, कॉम्प्युटरच्या खोक्यात नव्हे.

की जनरेटर आणि अ‍ॅक्टिव्हेटर नावाच्या गोष्टींकडे फिरकू नका. चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारं सॉफ्टवेअर तुमच्या भल्याचं नसतं.

शोधात किती जीव घालायचा हेही ठरवा. २००७चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०१७ला संपला, २०१०चा १३ ऑक्टोबर २०२०ला, २०१३चा ११ एप्रिल २०२३ला, २०१६ आणि २०१९ दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ला. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद. बाहेरून आलेल्या फायली रोज उघडणाऱ्या मशीनवर मी २०१० परत चढवणार नाही, की समोर ठेवली तरी. नेट नसलेल्या, एकट्या हिशेबाच्या मशीनवर चढवेन.

तोवर फायली अडून राहायचं कारण नाही. की नसलेलं ऑफिस फाइल उघडू देतं, छापू देतं, फक्त बदल करू देत नाही. बदल करायचा असेल तर ब्राउझरमधलं वर्ड आणि एक्सेल फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचा कोणताही आयडी चालतो. लिबरऑफिसला तर की नावाची भानगडच नाही. साधी पत्रं, बिलं, तक्ते त्यात व्यवस्थित चालतात. मॅक्रो भरलेल्या एक्सेल शीट मात्र आधी कॉपी करून तपासा.

की किंवा आयडी सापडला, तर जुनं मशीन पुसायच्या आधी नव्या मशीनवर ऑफिस चढवून अकाउंटच्या पानावर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ आलंय ना ते बघा. जुन्यावर तीच की असेल आणि ती काढायची असेल, तर काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, ओएसपीपीच्या फोल्डरमध्ये जाऊन मघाचीच कमांड द्यायची. फक्त डीस्टेटसच्या जागी यू-एन-पी-के-ई-वाय, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि शेवटची पाच अक्षरं. काढायला पूर्ण की लागत नाही.

आमच्या ऑफिसात यासाठी एक साधी शीट आहे: मशीनचा नंबर, ऑफिसची आवृत्ती, कोणत्या आयडीवर, शेवटची पाच अक्षरं, बिलाची तारीख. पूर्ण की त्या शीटमध्ये लिहीत नाही, ती पासवर्ड मॅनेजरमध्ये असते. आणि आयडी कोणा माणसाचा नसतो, फक्त लायसन्ससाठी काढलेला, ऑफिसच्या नावाचा असतो. त्याचा कोड ज्या मोबाइलवर येतो तो नंबरही ऑफिसचाच.